संग्राह्य काय, हे ठरवते कोण?
अमेरिकन कॉमिक्सच्या बाजाराविषयी काही विचार

अमेरिकेत जुन्या कॉमिक्सचा एक मोठा बाजार आहे. या बाजारात दर दशकात एकच प्रश्न नव्याने विचारला जातो : आज दुकानात मिळणाऱ्या चित्रपुस्तकांपैकी उद्या दुर्मिळ आणि महाग कोणती ठरतील? त्यावर याद्या निघतात, भाकिते होतात, आणि त्या भाकितांच्या भरवशावर लोक एकाच अंकाच्या दहा-दहा प्रती घेऊन ठेवतात. वरवर पाहता हा श्रीमंत देशातल्या हौशी माणसांचा खेळ. परंतु 'उद्या मोलाचे काय ठरेल' हा प्रश्न वास्तविक समीक्षेचा आहे. तो इथे दलालाच्या भाषेत विचारला जातो एवढेच. मराठीत 'मूल्य' हा एकच शब्द बाजारातल्या किमतीलाही चालतो आणि जीवनातल्या निष्ठेलाही चालतो. या दोन अर्थांमध्ये केवढी दरी पडू शकते, हे ज्या समाजाने पिढ्यान् पिढ्या अनुभवले आहे, त्याने हा बाजार एकदा नीट न्याहाळायला हवा. जोतीरावांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या लोकांना अर्पण केली. तेव्हापासून त्या देशातल्या काळ्या माणसाचे काय झाले, हा आपल्याही जिज्ञासेचा विषय आहे. कॉमिक्सच्या बाजारात ते फार स्पष्ट दिसते.

प्रारंभ सुपरमॅनपासूनच करावा लागतो. जेरी सीगल आणि ज्यो शुस्टर ही क्लीव्हलंडमधली दोन गरीब ज्यू मुले. १९३८ साली त्यांनी सुपरमॅनचे सर्व हक्क १३० डॉलरला विकून टाकले. त्याच वर्षी निघालेल्या 'ॲक्शन कॉमिक्स'च्या पहिल्या अंकाची किंमत होती १० सेंट. त्या अंकाच्या एका चांगल्या प्रतीला एप्रिल २०२४ मध्ये लिलावात ६० लाख डॉलर आले. मधल्या काळात निर्मात्यांचे काय झाले? शुस्टरची दृष्टी मंदावली, सीगलने कारकुनी केली. कोर्टकचेऱ्या होऊन आणि वर्तमानपत्रांत बोभाटा होऊन १९७५ साली कंपनीने त्यांना वर्षाकाठी २० हजार डॉलरचे निवृत्तिवेतन देऊ केले. याहून बोलकी गोष्ट पुढेच आहे. ज्या धनादेशाने ते १३० डॉलर चुकते झाले, तो ४१२ डॉलरचा धनादेश २०१२ साली १ लाख ६० हजार डॉलरला विकला गेला. म्हणजे शोषणाची पावतीसुद्धा संग्राह्य ठरली! तिची किंमत शोषिताच्या मजुरीहून शेकडो पटींनी अधिक झाली, आणि ती मिळाली तिसऱ्याच माणसाला.

या बाजाराचा नियम सोपा आहे. पुस्तक दुर्मिळ हवे, त्यात एखाद्या प्रसिद्ध नायकाचे पहिले दर्शन हवे, आणि ते कोणी फारसे हाताळलेले नको. तिसरी अट सर्वांत महत्त्वाची. २००० सालापासून 'सीजीसी' नावाची कंपनी पुस्तकाची तपासणी करून त्याला ०.५ पासून १० पर्यंत दर्जांक देते आणि ते पारदर्शक प्लॅस्टिकच्या पेटीत सीलबंद करते. पेटी फोडली की दर्जांक गेला. म्हणजे जे पुस्तक सर्वांत मौल्यवान, ते कोणालाही वाचता येत नाही. ग्रंथाला सोवळ्यात ठेवून त्याची पूजा करायची आणि उघडायचा मात्र नाही, ही रीत आपल्याला काही नवी नाही. स्पर्शाने वस्तू बाटते हा विचारही नवा नाही. फरक एवढाच, की इथे बाटण्याचे मोजमाप दशांश चिन्हात होते.

१९७४ सालच्या 'इन्क्रेडिबल हल्क'च्या १८१ व्या अंकाचे उदाहरण घ्या. वुल्व्हरिन हे पात्र त्यात प्रथमच पुरतेपणी अवतरले, म्हणून त्या दशकातला हा सर्वांत मागणीचा अंक. त्या काळी मार्व्हल कंपनी अंकात एक छोटे चित्रतिकीट छापी आणि ते कापून वहीत चिकटवा असे मुलांना सांगे. ज्या मुलांनी हे ऐकले, त्यांच्या प्रतींची किंमत आज कितीतरी पटींनी उतरलेली आहे. ज्याने पुस्तक वापरले तो बुडाला; ज्याने नुसते धरून ठेवले तो तरला.

आता धरून ठेवणे कोणाला परवडते? नोव्हेंबर २०२५ मध्ये 'सुपरमॅन'च्या १९३९ सालच्या पहिल्या अंकाची एक प्रत ९१ लाख २० हजार डॉलरला गेली. ती कॅलिफोर्नियातल्या एका कुटुंबाला आईच्या पश्चात घराच्या माळ्यावर खोक्यात सापडली होती. अशा कथा संग्राहकांना फार आवडतात. परंतु माळ्यावर वस्तू सापडायची तर माळा असलेले घर हवे, आणि ते दोन-तीन पिढ्या एकाच कुटुंबाच्या ताब्यात हवे. दक्षिणेतल्या वंशद्वेषातून सुटण्यासाठी उत्तरेच्या शहरांत आलेल्या, भाड्याच्या खोल्यांत राहिलेल्या, गृहकर्जाच्या नकाशांवर लाल रेघ ओढून ज्यांच्या वस्त्या वगळल्या गेल्या, त्या काळ्या कुटुंबांच्या मुलांनी वाचलेली कॉमिक्स कुठल्या माळ्यावर राहणार होती? पावसाळ्यात गळणाऱ्या झोपडीत, पाडापाडीच्या ट्रकमध्ये, उधईच्या तोंडी आपली किती पत्रके आणि वह्या गेल्या हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको. कागद टिकायला आधी छप्पर टिकावे लागते. 'उत्तम स्थितीतली प्रत' हा निसर्गाचा चमत्कार नसून स्थैर्याचा दाखला आहे.

हे ध्यानात घेऊन दशकामागून दशक पाहिले, की प्रस्थापित याद्यांच्या शेजारी एक दुसरी यादी दिसू लागते.

चाळीसच्या दशकातली सुपरमॅन-बॅटमॅनची नावे सर्वांना ठाऊक आहेत. १९४७ साली फिलाडेल्फियात ऑरिन इव्हान्स या काळ्या पत्रकाराने 'ऑल-निग्रो कॉमिक्स' काढले, हे फार थोड्यांना ठाऊक असते. लेखक काळे, चित्रकार काळे, नायक काळे. त्या काळच्या कॉमिक्समधला काळा माणूस म्हणजे जाड ओठांचा, बावळट, भुतांना भिणारा नोकर. इव्हान्सच्या अंकात काळा गुप्तहेर होता, आणि आफ्रिकेत युरेनियमच्या साठ्यावर पहारा देणारा काळा शास्त्रज्ञ होता. किंमत १५ सेंट. इतरांची बहुधा १० असे. पहिला अंक निघाला, दुसऱ्याची तयारी झाली, आणि इव्हान्सला कागद मिळेना. नेहमीच्या विक्रेत्यांनी त्याला कागद देण्याचे नाकारले. दुसरा अंक निघालाच नाही. आज हा पहिला आणि शेवटचा अंक अत्यंत दुर्मिळ म्हणून वाखाणला जातो. पण दुर्मिळता म्हणजे इथे काय? सुपरमॅनच्या प्रती युद्धकाळात रद्दीत गेल्या, आयांनी फेकून दिल्या, म्हणून त्या दुर्मिळ. इव्हान्सचे पुस्तक दुर्मिळ आहे ते पाणवठा बंद केल्यामुळे. बाजार दोन्हींना एकच शब्द लावतो, आणि ज्या बहिष्काराने ही दुर्मिळता घडवली त्याचा हिशेब किमतीत कुठेही येत नाही.

पन्नासचे दशक आले ते कॉमिक्सविरुद्धच्या मोहिमेवर स्वार होऊन. फ्रेडरिक वर्थम या मानसोपचारतज्ज्ञाचे नाव कॉमिक्सप्रेमी आजही तिरस्काराने घेतात. १९५४ सालच्या त्याच्या पुस्तकाने पालक बिथरले, सिनेटची चौकशी झाली, आणि प्रकाशकांनी भिऊन स्वतःवरच आचारसंहिता लादून घेतली. यात त्याचा अतिरेक होताच. परंतु याच वर्थमने १९४६ साली हार्लेममध्ये एका चर्चच्या तळघरात गरीब काळ्यांसाठी नाममात्र फीवर मानसोपचाराचे केंद्र काढले होते. आणि शाळांतल्या वर्णभेदाने मुलांच्या मनावर काय आघात होतो याविषयीची त्याची साक्ष डेलावेअरच्या खटल्यात उपयोगी पडली. कॉमिक्समधल्या काळ्या माणसाच्या विटंबनेवरही त्याने बोट ठेवले होते. संग्राहकांच्या इतिहासात तो केवळ खलनायक म्हणून उरतो, हे मला सोयीस्कर विस्मरण वाटते.

मात्र त्याच्या मोहिमेतून निघालेल्या आचारसंहितेने काय केले, तेही पाहिले पाहिजे. ईसी कंपनीच्या 'वीअर्ड फँटसी'त १९५३ साली 'जजमेंट डे' नावाची कथा आली. एका ग्रहावर नारिंगी आणि निळे असे दोन रंगांचे यंत्रमानव राहतात. आतले सुटे भाग अगदी एक, फक्त वरचे कवच वेगळे. तरी निळ्यांना वेगळी वस्ती, हलकी कामे, वेगळे शिक्षण. पृथ्वीवरून आलेला निरीक्षक हे पाहतो आणि हा ग्रह अजून लायक नाही असा निर्णय देऊन परत फिरतो. शेवटच्या चौकटीत तो शिरस्त्राण काढतो : तो काळा माणूस आहे. (निळ्या रंगाचा योगायोग आपल्या वाचकांच्या नजरेतून सुटणार नाही.) १९५६ साली ही कथा पुन्हा छापायची वेळ आली, तेव्हा संहितेच्या अधिकाऱ्याने शेवटचा माणूस काळा नको असा आग्रह धरला. प्रकाशकाने तो मानला नाही आणि कथा जशीच्या तशी छापली. त्यानंतर ईसीने कॉमिक्सच काढले नाही. 'वीअर्ड फँटसी'चा तो १८ वा अंक मला त्या दशकातल्या कोणत्याही नायकाच्या 'पहिल्या दर्शना'पेक्षा मोलाचा वाटतो.

त्याच दशकातले आणखी एक पुस्तक चळवळीच्या दृष्टीने याहूनही थोर आहे. मॉन्टगोमेरीच्या बस-बहिष्कारावर 'मार्टिन ल्यूथर किंग अँड द मॉन्टगोमेरी स्टोरी' हे १६ पानी कॉमिक १९५७ साली 'फेलोशिप ऑफ रिकन्सिलिएशन' या संघटनेने काढले. किंमत १० सेंट, प्रती सुमारे अडीच लाख. दुकानांऐवजी ते चर्चमधून, शाळांतून, संघटनांमधून वाटले गेले. पुढे काँग्रेसचे सदस्य झालेले जॉन लुईस यांच्या पिढीने ते तरुणपणी वाचले. अडीच लाख प्रती निघूनही मूळ प्रत आज सहज मिळत नाही, कारण त्या हातोहात फिरून झिजल्या. त्यात गांधी आहेत; महाडचे चवदार तळे नाही. ही उणीव आपण नोंदवायलाच हवी. तरीही झिजून संपलेले हे पुस्तक एक काम करून संपले, आणि सीलबंद पेटीतल्या कोणत्याही पुस्तकाविषयी असे म्हणता येणार नाही.

आता 'पँथर'कडे येऊ. 'फँटॅस्टिक फोर'च्या ५२ व्या अंकात, जुलै १९६६ मध्ये, स्टॅन ली आणि जॅक कर्बी यांनी 'ब्लॅक पँथर' हा आफ्रिकन राजा आणला. ऑक्टोबर १९६६ मध्ये ओकलंडला ब्लॅक पँथर पार्टी स्थापन झाली. एकाने दुसऱ्याचे नाव घेतले असे नव्हे; पण कंपनीला नावाची भीती वाटू लागली. फेब्रुवारी १९७२ च्या ११९ व्या अंकात या नायकाने आपले नाव बदलून 'ब्लॅक लेपर्ड' करून घेतले. कारण काय, तर पहिल्या नावाला अमेरिकेत राजकीय वास येतो! मौज अशी, की ती कथा घडते वर्णभेदी राजवट असलेल्या एका काल्पनिक आफ्रिकी देशात. म्हणजे दूरच्या काल्पनिक देशातला वर्णभेद निषेधार्ह, आणि स्वतःच्या देशात त्याविरुद्ध लढणाऱ्यांशी नावाचेही नाते नको. हे नामांतर फार टिकले नाही, थोड्याच काळात जुने नाव परत आले. परंतु ज्या १९७२ साली न्यूयॉर्कमधली कंपनी ते नाव भीतीने टाकून देत होती, त्याच १९७२ साली मुंबईत नामदेव ढसाळ, ज. वि. पवार आदी तरुणांनी ते नाव उचलले आणि दलित पँथर उभी राहिली.

बाजारात ५२ वा अंक हा मानाचा. २०१८ च्या चित्रपटाने त्याचे मोल आणखी वाढवले. ११९ वा अंक त्याच्या तुलनेत किरकोळ समजला जातो. मला विचाराल तर दोहोंत ऐतिहासिक दस्तऐवज आहे तो ११९ वा. काळा राजा कल्पिण्यासाठी प्रतिभा लागली हे खरे, पण प्रस्थापित संस्कृती काळ्या नायकाला कुठवर सोसते आणि कुठे दचकते, याची रेघ ११९ व्या अंकात छापून आलेली आहे. त्याच वर्षी जून महिन्यात 'हीरो फॉर हायर' निघाले. ल्यूक केज हा हार्लेमचा माणूस, न केलेल्या गुन्ह्यासाठी तुरुंगात गेलेला. तुरुंगात त्याच्या शरीरावर प्रयोग झाला, त्यातून त्याला बळ आले. हा नायक कामाची मजुरी मागतो. गोरे नायक जगाला फुकट वाचवतात, कारण त्यांना घरभाड्याची चिंता नसते. स्वतंत्र मालिका मिळालेल्या या पहिल्या काळ्या सुपरहिरोवर तत्कालीन चित्रपटांतल्या काळ्या गुंडगिरीची छाप आहे हे मान्य. परंतु मजुरी मागणे हा त्याचा दोष समजणाऱ्यांनी सीगल आणि शुस्टरचा धनादेश आठवावा.

ऐंशीच्या दशकाविषयी थोडक्यात बोलतो. संग्राहक 'टीनेज म्यूटंट निन्जा टर्टल्स'चा १९८४ सालचा, सुमारे तीन हजारच प्रती निघालेला पहिला अंक शोधत फिरतात. 'रॉ' नियतकालिकातून १९८० पासून क्रमशः आलेले आर्ट स्पीगलमनचे 'माऊस' मात्र पुस्तकरूपाने लाखोंनी वाचले आहे. छळछावणीतून वाचलेल्या बापाची ती कहाणी. २०२२ साली टेनेसीतल्या एका शाळामंडळाने ती अभ्यासक्रमातून काढली, तेव्हा तिचा खप उलट वाढला. ज्याला वगळावेसे वाटते, ते जिवंत आहे असे समजायला हरकत नाही.

नव्वदच्या दशकात हा बाजार आपल्याच हाताने बुडाला. १९९१ चा 'एक्स-मेन'चा पहिला अंक ८० लाखांहून अधिक प्रतींनी छापला गेला. १९९२ साली सुपरमॅनला मारले आणि तो अंक काळ्या पिशवीत, आत शोकाची काळी फीत घालून विकला. लोकांनी रांगा लावून लाखो प्रती घेतल्या आणि मुलांच्या शिक्षणाची तरतूद म्हणून कपाटात ठेवल्या. आज त्या काही डॉलरला पडून आहेत, कारण सगळ्यांनीच जपल्या! उद्या मोल येईल म्हणून जे छापले जाते त्याला मोल येत नाही, हा धडा त्या दशकाने दिला. तो कोणी फारसा घेतला नाही.

याच तेजीत १९९३ साली ड्वेन मॅकडफी, डेनिस कोवन आदी काळ्या लेखक-चित्रकारांनी 'माइलस्टोन' ही संस्था काढली. 'हार्डवेअर', 'आयकॉन', 'स्टॅटिक' ही तिची पुस्तके. छपाई आणि वितरण डीसीचे, परंतु पात्रांची मालकी त्यांनी स्वतःकडे ठेवली. ५५ वर्षांपूर्वी १३० डॉलरला जे गेले होते, ते यांनी जाऊ दिले नाही. 'हार्डवेअर'ची पहिलीच कथा अशा काळ्या संशोधकाची, ज्याची सगळी निर्मिती त्याचा गोरा मालक स्वतःच्या नावावर करतो. त्यांनाही पहिले अंक पिशवीत घालून संग्राहकांसाठी काढावे लागले. बाजारात उतरले की बाजाराचे कपडे घालावे लागतात. 'काळ्यांची पुस्तके फक्त काळे घेतील' असे मानणारे दुकानदार होतेच. मंदी आली आणि १९९७ साली कॉमिक्स बंद झाली. नव्वदीतले काय जपावे असे कोणी विचारले, तर मी 'हार्डवेअर'चा पहिला अंक सांगेन. तो आजही फार महाग नाही, हे वाचकाचे भाग्य.

नव्या शतकातली लक्षणीय घटना २००३ ची. रॉबर्ट मोरालेस आणि काइल बेकर यांच्या 'ट्रूथ : रेड, व्हाइट अँड ब्लॅक' या सात अंकी मालिकेने असे मांडले, की कॅप्टन अमेरिकेला बलवान करणारे औषध आधी काळ्या सैनिकांवर चाचपून पाहिले गेले; बहुतेक मेले, आयझाया ब्रॅडली उरला, आणि त्याला तुरुंगात टाकले गेले. मागे टस्कीगीचे सत्य उभे होते : १९३२ ते १९७२ पर्यंत सरकारी आरोग्यखात्याने शेकडो काळ्या पुरुषांचा उपदंश उपचाराविना नुसता न्याहाळत ठेवला. राष्ट्राच्या प्रतीकाच्या पायाखाली कोणाची हाडे आहेत हे ही मालिका विचारते. अनेक कॉमिक्सप्रेमी तिच्यावर चिडले, काहींनी चित्रशैलीला नावे ठेवली. २०२१ साली एका दूरचित्रवाणी मालिकेत ब्रॅडली दिसला, आणि तेच अंक एकाएकी मागणीचे झाले. सत्य तेच होते. त्याला पडद्याची मान्यता मिळेपर्यंत भाव नव्हता.

गेल्या दशकातला प्रस्थापितांचा लाडका अंक म्हणजे २०११ चा 'अल्टिमेट फॉलआउट' क्रमांक ४. त्यात काळ्या पित्याचा आणि पोर्तो रिकन मातेचा मुलगा माइल्स मोरालेस स्पायडरमॅन होतो. हा बदल मोठा आहे, आणि मी त्याला कमी लेखत नाही. पण पात्र काळे आणि मालकी गोरी, हे समीकरण त्याने मोडलेले नाही. माझी पसंती २०१६ च्या 'वर्ल्ड ऑफ वकांडा'ला आहे. रोक्सेन गे आणि योना हार्वे या काळ्या लेखिकांनी त्यात वकांडाच्या राजापेक्षा त्याच्या अंगरक्षक स्त्रियांकडे पाहिले. मालिका सहा अंकांत बंद झाली. त्याच वर्षी जॉन लुईस यांच्या 'मार्च' या चित्रमय आत्मकथेच्या तिसऱ्या खंडाला नॅशनल बुक अवॉर्ड मिळाले. १९५७ च्या त्या १६ पानी पुस्तकाचा वंश असा चालू राहिला. चालू दशकात एकेका अंकाला दहा-वीस निरनिराळी मुखपृष्ठे छापून कृत्रिम दुर्मिळता विकली जाते. त्यातले फारच थोडे टिकेल. वाचकांकडून आगाऊ पैसे गोळा करून काळे, आदिवासी आणि स्थलांतरित लेखक जी थोड्या प्रतींची पुस्तके काढतात, त्यांवर मात्र लक्ष ठेवावे.

आपल्याकडे १९६७ साली मुंबईत सुरू झालेल्या 'अमर चित्रकथे'ने देव, राजे आणि ऋषी यांची रांग लावली. बाबासाहेबांवरचा अंक त्यात आला १९७९ साली. 'इंद्रजाल'च्या वेताळाच्या जुन्या मराठी प्रती आज हौशी लोक शोधतात. आफ्रिकेच्या जंगलात ठेंगण्या काळ्या माणसांवर वंशपरंपरागत अधिकार गाजवणारा हा गोरा पुरुष आपल्या पिढ्यांनी किती निरागसपणे वाचला! २०११ साली दुर्गाबाई व सुभाष व्याम या परधान गोंड चित्रकारांनी 'भीमायन' रेखाटले, आणि त्याच वर्षी 'गुलामगिरी'वर आधारलेले 'अ गार्डनर इन द वेस्टलँड' आले. दोन्ही इंग्रजीत प्रथम निघाली आणि त्यांची किंमत वस्तीतल्या मुलाच्या खिशाबाहेरची होती. त्यांच्या पहिल्या आवृत्त्या कोणी तरी प्लॅस्टिकमध्ये ठेवीलच. वस्तीतल्या अभ्यासिकांनी दोन-दोन प्रती घ्याव्यात : एक कपाटात, तारीख आणि नोंद घालून, दुसरी टेबलावर, पाने सुटेपर्यंत. आणि ज्या शिक्षकांच्या घरी पँथरच्या काळातली पत्रके, सायक्लोस्टाइल केलेले अंक, मोर्च्यांची हस्तलिखित भित्तिपत्रके अजून पडून आहेत, त्यांनी येत्या पावसाळ्याच्या आत त्यांची यादी करावी आणि छायाप्रती काढून दुसऱ्या एखाद्या गावी ठेवाव्यात.